पुण्यात घर-नोकरी सांभाळून रुग्ण सहायक व्हायचं असेल तर: प्रवेशापासून पहिल्या ड्यूटीपर्यंत

चौकशीला येणाऱ्या बहुतेक जणींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, हा कोर्स केला की मी सिस्टर होणार ना?" कुणी धायरीहून आलेली असते, कुणी येरवड्याहून. एखादी दुकानात काम करते, एखादी पोळ्यांची कामं करते, एखादीने सासूबाईंचं दुखणं घरीच निभावलेलं असतं. या प्रश्नाचं उत्तर आधी स्वच्छ द्यायला हवं, कारण फी, वेळ, पुढची नोकरी असं सगळं त्यावर अवलंबून आहे.

नर्स म्हणून काम करायला नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. आपल्या राज्यात ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. त्यासाठीचे मुख्य अभ्यासक्रम तीन: एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. तिन्ही पूर्णवेळ आहेत. शनिवार-रविवारच्या किंवा संध्याकाळच्या वर्गाने ही नोंदणी मिळत नाही. "सहा महिन्यांत नर्स व्हा" असा बोर्ड दिसला तर तिथे आत जाऊन वेळ घालवू नका.

अंशकालीन प्रमाणपत्रावर तुम्ही रुग्ण सहायक म्हणून काम करू शकता. कौशल्य विकासाच्या भाषेत याला जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे जीडीए म्हणतात. घरी जाऊन सेवा करणाऱ्यांसाठी होम हेल्थ एडचा वेगळा अभ्यासक्रम आहे. हॉस्पिटलात तुम्हाला मावशी म्हणतील, मामा म्हणतील, कुणी ब्रदर म्हणेल. या कामाला कमी लेखणारे लोक भेटतील. पण पॅरालिसिस झालेल्या माणसाला दर दोन तासांनी नीट कुशीवर वळवणारी व्यक्ती मिळाली, तर त्याच्या पाठीला जखम होण्याचा धोका खूप कमी होतो. न मिळाली तर त्या जखमेपायी तो पुन्हा हॉस्पिटलात येतो. मुलं परगावी किंवा परदेशी आणि आई-वडील कोथरूड-सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये, अशी घरं पुण्यात पुष्कळ आहेत. हात शिकलेला असेल तर काम मिळतं. म्हणूनच प्रमाणपत्रापेक्षा हात कुठे आणि किती शिकणार, हे पाहून कोर्स निवडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी आपलं वय आणि शिक्षण कागदावर मांडा

तुम्ही बारावी झाला असाल, वय पस्तिशीच्या आत असेल आणि घरची मंडळी दोन वर्षं पूर्णवेळ शिक्षणासाठी तुमच्या पाठीशी उभी राहणार असतील, तर अंशकालीन कोर्सकडे वळण्याआधी एएनएमची चौकशी करा. सध्याच्या नियमांप्रमाणे त्याला वय १७ ते ३५ लागतं आणि बारावीला इंग्रजी विषय असावा लागतो. जीएनएमसाठी बारावीला निदान ४० टक्के लागतात. कर्वेनगरात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं नर्सिंग महाविद्यालय आहे, ससून रुग्णालय आहे, धनकवडीला भारती विद्यापीठ आहे. जिथे जाल तिथे संस्थेचं नाव कौन्सिलच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे स्वतः पाहा. २०२३ मध्ये संसदेने नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा केला आहे, तेव्हा जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका, त्या वर्षीचा नियम विचारा.

दहावी झाली असेल आणि दिवसाची नोकरी सोडणं शक्य नसेल, तर रुग्ण सहायकाचा अंशकालीन कोर्स तुमच्यासाठी आहे. हा लेख मुख्यतः तुमच्यासाठीच लिहिते आहे.

दहावी अर्धवट राहिली असेल तरी दार बंद झालेलं नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे. पुण्यात रात्रशाळांची जुनी परंपरा आहे, पूना नाइट हायस्कूलसारख्या शाळांतून दिवसभर काम करणारी माणसं दहावी-बारावी झाली आहेत. दहावी आणि सहायकाचं प्रशिक्षण एकाच वर्षात करण्याचा हट्ट मात्र धरू नका. वॉर्डातला दिवस पाठ-कंबर मोडणारा असतो, त्यानंतर बीजगणित डोक्यात शिरत नाही.

कोर्स कुठे शोधायचा

सरकारी किंवा विद्यापीठाच्या मान्यतेच्या वाटा अशा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या अभ्यासकेंद्रांमार्फत आरोग्यसेवेतले प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवतं आणि त्याचं शिक्षण मराठीत असतं, ही मोठी सोय आहे. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, पुण्यात प्रादेशिक केंद्र आहे. सामान्य रुग्णसेवा, वृद्धसेवा, घरपोच आरोग्यसेवा अशा विषयांचे छोटे अभ्यासक्रम इग्नूने तयार केले आहेत. यंदा कोणत्या केंद्रावर कोणता चालू आहे, ते तिथे विचारा. तिसरी वाट हेल्थकेअर सेक्टर स्किल काउन्सिलची. त्यांच्या जीडीएच्या अभ्यासक्रमाला एचएसएस क्यू ५१०१ असा क्रमांक आहे आणि तो देशभर ओळखला जातो. चौथी वाट महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची. या मंडळाच्या अभ्यासक्रमांत अंशकालीन अभ्यासक्रमही असतात. याशिवाय पुणे महापालिकेच्या सहकार्याने चालणारी लाइटहाऊस केंद्रं तरुणांना वेगवेगळ्या कौशल्यांकडे वळवतात, तुमच्या जवळच्या केंद्रात रुग्णसेवेचा वर्ग आहे का, हे विचारायला हरकत नाही.

काही हॉस्पिटलं आणि सामाजिक संस्था स्वतःचं प्रमाणपत्र देतात. त्याला सरकारी शिक्का नसतो, तरी ते कुचकामी समजू नका. मोठ्या हॉस्पिटलात तीन-चार महिने खरं काम करून मिळालेला दाखला पुण्यातल्या पुण्यात नोकरीला चांगला चालतो. फक्त पुढे दुसऱ्या राज्यात किंवा सरकारी जागेसाठी तो पुरेल असं गृहीत धरू नका.

या शहरात घरच्या जबाबदाऱ्या असलेल्या बायकांनी रुग्णसेवा शिकणं नवीन नाही. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचं काम उभं केलं आणि संस्थेतल्या बायकांना परिचर्या शिकायला ससूनमध्ये पाठवलं. त्यात विधवाही होत्या. त्या काळात परक्या पुरुष रुग्णाच्या खाटेजवळ उभं राहणं हीच केवढी मोठी गोष्ट होती! आज "लोक काय म्हणतील" म्हणून अडणाऱ्या मुलींना मी हे आवर्जून सांगते.

फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा: प्रात्यक्षिक कुठल्या हॉस्पिटलात, कोणत्या वॉर्डात आणि किती तास? उत्तर "आमचं टायअप आहे" एवढंच आलं तर हॉस्पिटलचं नाव विचारा. नाव सांगितलं तर त्या हॉस्पिटलात जाऊन मेट्रन (मुख्य परिचारिका) ऑफिसला किंवा नर्सिंग विभागात विचारा, की या संस्थेची मुलं तुमच्याकडे येतात का. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातून सगळं कळतं. नुसत्या पुतळ्यावर शिकवणारा वर्ग अपुरा आहे. पुतळा कण्हत नाही, त्याचे सांधे आखडलेले नसतात आणि चादर बदलताना तो घाबरून तुमचा हात घट्ट धरत नाही.

दुसरा प्रश्न, शिकवणार कोण? नोंदणीकृत नर्स शिकवत असली पाहिजे, तिची पात्रता विचारण्यात काही उद्धटपणा नाही. तिसरा, परीक्षा कोण घेतं आणि प्रमाणपत्रावर कोणाची सही असते? मागच्या तुकडीतल्या कुणाचं प्रमाणपत्र पाहायला मागा. त्यावर "नर्सिंग" शब्द मोठ्या अक्षरात आणि मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव कुठेच नाही, असं असेल तर विचार करा. चौथा, फी एकूण किती? गणवेश, परीक्षा, पुस्तक, विमा सगळं धरून लेखी घ्या आणि प्रत्येक हप्त्याची पावती घ्या.

आणि एक गोष्ट कुठेही करू नका. मूळ गुणपत्रिका संस्थेकडे ठेवायला देऊ नका. मूळ दाखवावं, झेरॉक्स द्यावी आणि मूळ घेऊन घरी यावं. मूळ कागद अडकवून मुलींना ठरावीक ब्युरोतच (घरोघरी सहायक पुरवणाऱ्या एजन्सीतच) काम करायला लावल्याचं मी पाहिलं आहे. तसंच "कोर्सनंतर लगेच परदेश" असं सांगून वेगळे पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा.

वर्ग सुरू होण्याआधीची तयारी

हेपॅटायटिस बी ची लस आधी सुरू करा. तिचे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, पहिल्यानंतर सहा महिन्यांनी तिसरा. कोर्स सहा महिन्यांचा असेल तर प्रवेशाच्या आठवड्यातच पहिला डोस घ्या, म्हणजे नोकरीला लागेपर्यंत तिन्ही पूर्ण होतात. बहुतेक जणी हे शेवटी करतात आणि वॉर्डातले पहिले महिने संरक्षणाविना काढतात. धनुर्वाताचं इंजेक्शन किती वर्षांपूर्वी घेतलं, तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

पायात बंद, न घसरणारे, धुता येतील असे बूट. नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या घरी. मंगळसूत्र काढायचं नसेल तर कपड्यांच्या आत. सेकंद दाखवणारं घड्याळ हवं, मोबाइलवर नाडी मोजायला हॉस्पिटलं देत नाहीत. आधार, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो यांचे दोन संच करून ठेवा. पोलिस व्हेरिफिकेशन पुढे घरच्या ड्यूटीला लागतं, त्याचा अर्ज कोर्स चालू असतानाच केला तर बरं.

घरच्यांशी बोलणं मात्र पुढे ढकलू नका. आठवड्यातल्या कोणत्या वेळी तुम्ही घरात नसाल, ते कागदावर लिहून भिंतीला लावा. मुलांचा डबा कोण भरणार, पाणी कोण भरणार हे आधी ठरलं पाहिजे. अंशकालीन कोर्स अर्धवट सुटतो तो अभ्यास अवघड म्हणून क्वचितच सुटतो. दिवाळी, लग्नसराई, गावची जत्रा यांत वॉर्डाचे दिवस बुडतात आणि ते भरून काढता येत नाहीत.

शिकायचं काय, आणि कोणत्या क्रमाने

हात धुण्यापासून सुरुवात करा. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद. तळवे, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं, सगळं त्यात आलं. रुग्णाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, स्वच्छ किंवा निर्जंतुक कामाआधी, शरीरातल्या द्रवाशी संबंध आल्यावर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर, अशा पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिल्या आहेत. ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुवायला नको, ही समजूत पहिल्या आठवड्यातच काढून टाका.

मग टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी. प्रौढ माणसाची नाडी विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १००, श्वास १२ ते २०. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय लावून घेऊ नका, अनियमित ठोका त्यात निसटतो. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नये, सांगितलं की तो वेगळा श्वास घेतो. नाडी मोजून झाली की हात तसाच मनगटावर ठेवून छातीकडे पाहत श्वास मोजावेत. बीपी घेण्याआधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला असावा, दंड हृदयाच्या पातळीवर, दंडाला गुंडाळायचा पट्टा (कफ) कपड्यावरून नको. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला (शीर आणि धमनी जोडण्याची शस्त्रक्रिया) केलेला आहे त्या हातावर बीपी घ्यायचं नाही. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नसलेलं, गार न पडलेलं बोट निवडा.

तिसरा भाग अंग पुसण्याचा, म्हणजे स्पंजिंगचा. इथे क्रम फार महत्त्वाचा. डोळे आतल्या कोपऱ्यातून बाहेर, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा भाग. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाठ आणि सर्वांत शेवटी गुप्तांग, तेही ताजं पाणी घेऊन, स्त्री रुग्णाचं पुढून मागे. जो भाग पुसतो आहोत तेवढाच उघडा, बाकी अंग झाकलेलं. पडदा ओढा, पंखा बंद करा. आणि प्रत्येक वेळी आधी सांगा: "आजी, आता पाय पुसते हं." रुग्ण बेशुद्ध असला तरी सांगा. शब्द त्याच्या कानावर पडत असण्याची शक्यता असते आणि बोलल्याने आपला हातही आपोआप हलका पडतो.

स्पंजिंग करताना कातडी पाहायची असते. माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू: बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, इथे होतात. लाल दिसलेल्या जागी बोटाने हलकं दाबून सोडा. दाबल्यावर लाली जाऊन पांढरं झालं आणि परत लाल झालं तर रक्त फिरतं आहे. दाबूनही लाली तशीच राहिली तर बेडसोरची सुरुवात झाली आहे, लगेच सिस्टरला दाखवा. अशा जागी स्पिरिट-पावडर लावून चोळण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. लाल झालेली जागा चोळू नये, चोळल्याने आतली इजा वाढते. रबराच्या पोकळ रिंगवर बसवणंही टाळावं.

कुशीवर वळवणं एकट्याने करायचं नसतं. दोघांनी ड्रॉ शीट (रुग्णाच्या पाठीखालची आडवी चादर) धरून, गुडघे वाकवून, स्वतःची पाठ सरळ ठेवून रुग्णाला सरकवा. ओढत नेलं की कातडी सोलते. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांत तिरकं ठेवा, गुडघ्यांच्या मध्ये उशी द्या, टाचा पलंगाला टेकणार नाहीत अशा उचलून ठेवा. लकवा मारलेल्या बाजूचा हात धरून कधीही ओढू नका, त्या खांद्याचा सांधा निसटतो. त्याच रुग्णाला कपडे घालताना आधी कमजोर हात बाहीत घाला आणि काढताना आधी चांगला हात बाहेर काढा.

भरवणं सोपं वाटतं आणि सगळ्यांत जास्त घाई तिथेच होते. रुग्णाला शक्य तेवढं सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, चांगल्या बाजूच्या गालात. आधीचा घास गिळलेला दिसल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. पातळ पाण्याने ठसका जास्त लागतो, म्हणून पेज किती घट्ट हवी हे डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, ते पाळा. जेवण झाल्यावर निदान अर्धा तास आडवं करू नका. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) असेल तर डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. नळी जागेवर आहे याची खात्री कशी करायची, ते सिस्टरने शिकवल्याशिवाय आणि परवानगी दिल्याशिवाय फीड देऊ नका. खोकला, गुदमरणं, ओठ निळसर होणं यातलं काहीही दिसलं तर फीड तिथेच थांबवा आणि हाक मारा.

कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला टेकलेली नको. रुग्णाला खुर्चीवर बसवताना पिशवी मांडीवर ठेवली की लघवी उलटी वर जाते, हे नातेवाइकांनाही समजावून सांगावं लागतं. नळीला पीळ पडला आहे का, रंग कसा आहे, किती झाली, हे लिहायचं. घरच्या ड्यूटीला गेल्यावर तिथला चहाचा कप, पेला, वाटी एकदा मापाच्या भांड्याने मोजून घ्या, म्हणजे इनटेक-आउटपुटचा (पोटात किती गेलं, बाहेर किती आलं याचा) तक्ता अंदाजाने भरावा लागत नाही.

लिहिण्याकडे बहुतेक सहायक दुर्लक्ष करतात. "पेशंट बरा आहे" या वाक्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. "दुपारी २ वाजता अर्धी वाटी पेज, दोनदा ठसका, लघवी २०० मिली, गडद पिवळी, डाव्या टाचेवर लाली" यातून सगळं कळतं. मराठीत लिहिलं तरी चालेल, वेळ आणि आकडा मात्र हवाच.

कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत दिलेले आहेत. रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग आणि कापूस पिवळ्यात, नळ्या-कॅथेटर-ग्लोव्हज अशा प्लास्टिक-रबराच्या वस्तू लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न भोकसणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. सुईला टोपण परत लावायचं नाही, मग ती कुणीही वापरलेली असो. सुई टोचलीच तर जागा साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढत बसू नका आणि इन्चार्जला त्याच मिनिटाला सांगा. एचआयव्ही टाळण्यासाठीचं औषध शक्य तितक्या लवकर, दोन तासांत सुरू झालं तर उत्तम. ७२ तासांनंतर ते सुरू करत नाहीत. ओरडा बसेल म्हणून लपवणाऱ्या मुली असतात. त्यांना कळकळीने सांगते, ओरडा खाऊन घ्या, पण सांगा.

तातडीच्या प्रसंगांत तीन गोष्टी पक्क्या पाठ हव्यात. श्वास आणि प्रतिसाद थांबलेल्या प्रौढाला छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचे, श्वास देता येत असेल तर ३० दाबांनंतर दोन. मधुमेही रुग्णाला दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं सुरू झालं आणि तो शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. तोंड वाकडं, एक हात लुळा, जीभ जड झाली, म्हणजे लकव्याची लक्षणं दिसली, तर घड्याळ पाहा, वेळ लिहा आणि १०८ ला फोन करा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षणं नेमकी केव्हा सुरू झाली हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर बहुधा तुमच्याकडेच असतं.

जे करायचं नाही

इंजेक्शन, सलाईन लावणं किंवा काढणं, शिरेतून औषध, कॅथेटर घालणं, औषधाचा डोस बदलणं. यातलं काहीही तुमचं काम नाही. घरच्या ड्यूटीवर नातेवाईक गोड बोलून गळ घालतील: "अहो ताई, तुम्ही रोज पाहता ना, द्या की टोचून." तेव्हा शांतपणे म्हणावं, "काका, मला त्याची परवानगी नाही. मी ब्युरोला फोन करून सिस्टर बोलावते." एकदा हो म्हटलं की रोज करावं लागतं. आणि काही बिघडलं तर नोंदणी नसलेल्या माणसाच्या बाजूने कुणी उभं राहत नाही.

वॉर्डातले दिवस

पहिल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरला नाव सांगा, कोणत्या संस्थेतून आलात ते सांगा आणि विचारा, "मी आज कुठल्या खाटा पाहू?" कोपऱ्यात उभं राहणाऱ्या मुलीला दिवसभर फाइली इकडून तिकडे न्यायला लागतात आणि ती काही न शिकता घरी जाते. शक्य असेल तर मेडिसिन, ऑर्थो आणि सर्जरी अशा वेगवेगळ्या वॉर्डांत दिवस मागून घ्या. ऑर्थोत उचलणं-सरकवणं शिकाल, मेडिसिनमध्ये लकव्याचे आणि मधुमेहाचे रुग्ण भेटतील.

जुन्या मावशींकडून शिका. कण्हणाऱ्या रुग्णाखाली बेडपॅन कसा सरकवायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. त्यांचं हात धुणं मात्र जसंच्या तसं उचलू नका, ते पुस्तकातलंच बरं. रुग्णाचा आजार, घरातली भांडणं, कुणाला कोण भेटायला आलं, हे वॉर्डातच राहिलं पाहिजे. फोटो तर अजिबात नको, नातेवाइकांनी हौसेने काढला तरी तुम्ही त्यात नको.

परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रात्यक्षिकाला प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत करा. हात धुतले, रुग्णाला सांगितलं, पडदा ओढला, हे परीक्षकाला ऐकू आलं पाहिजे. वर्गातल्या मैत्रिणीला खाटेवर झोपवून महिनाभर सराव केला असेल तर भीती उरत नाही.

पहिली नोकरी: हॉस्पिटल की ब्युरो

शक्य असेल तर पहिलं वर्ष हॉस्पिटलात काढा. पगार ब्युरोपेक्षा कमी वाटेल, पण चुकताना हात धरणारी सिस्टर शेजारी असते. घरच्या ड्यूटीवर तुम्ही एकट्या असता. नियमात बसत असेल तर भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, आणि पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे का, हे मुलाखतीतच विचारा. ईएसआय असलं की घरच्यांच्या उपचाराचीही सोय होते.

ब्युरोकडे जाताना दोन आकडे विचारा: घरच्यांकडून दिवसाला किती घेता आणि मला किती देता. दुसरा आकडा सगळे सांगतात, पहिला विचारल्यावर समोरच्याचा चेहरा पाहा. पगार कोणत्या तारखेला, सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, रुग्ण दगावला किंवा हॉस्पिटलात हलवला तर त्या दिवसाचे पैसे मिळणार का, हे लिहून घ्या. बारा तासांची ड्यूटी बहुधा आठ ते आठ असते. रात्री आठला औंधमध्ये सुटून हडपसरला पोचायला बसने किती वेळ लागतो, ते आधी एकदा प्रवास करून पाहा. चोवीस तासांची ड्यूटी घ्यायची असेल तर झोपायला जागा आणि सलग विश्रांतीची वेळ आधी ठरली पाहिजे.

घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी कामाची हद्द बोलून घ्या. रुग्णाचं जेवण, कपडे, खोली, भांडी हे तुमचं. घरातल्या सगळ्यांची धुणी-भांडी तुमची नाहीत. हे नम्रपणे, पण पहिल्याच दिवशी सांगितलं तर कटुता येत नाही. आधीच्या ताईंकडून हँडओव्हर घ्या: औषधांच्या वेळा, शेवटचं शौच कधी झालं, कातडीवर कुठे काय आहे, डॉक्टरांचा फोन नंबर. रुग्णाचे दागिने-पैसे यांना हात लावू नका, कपाटाची किल्ली "तुमच्याकडेच ठेवा" म्हटलं तरी घेऊ नका.

कुणी अंगचटीला आलं, मग तो रुग्ण असो की घरातला कुणी, तर ड्यूटी तिथेच सोडून बाहेर पडा आणि ब्युरोला कळवा. तातडीला ११२. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा खाजगी घरालाही लागू होतो, त्याची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. पुरुष सहायकांना उलट मागणी असते, वजनदार पुरुष रुग्णांना उचलायला आणि त्यांच्या स्वच्छतेला घरचे लोक पुरुषच मागतात. तेव्हा मुलांनीही या वर्गाला यायला मागेपुढे पाहू नये.

पुढे नोंदणीकृत नर्स व्हायचं असेल तर

सहायकाचं प्रमाणपत्र आणि अनुभव एएनएम-जीएनएमच्या वर्षांतून वजा होत नाही, तिथे पहिल्या वर्षापासूनच बसावं लागतं. तरीही सहायकाचं काम केलेली मुलगी त्या वर्गात पहिल्या दिवसापासून वेगळी दिसते, कारण खाट, रुग्ण आणि वॉर्डाची शिस्त तिला ठाऊक असते. तुमचं वय तिशीच्या आत असेल तर काम करता करता बारावी करा, फॉर्म भरण्याच्या तारखा दरवर्षी पाहत राहा आणि पस्तिशी ओलांडण्याआधी निर्णय घ्या. दर महिन्याच्या पगारातून फीसाठी वेगळी रक्कम पोस्टात किंवा बँकेत टाकायला सुरुवात केली तर दोन पूर्णवेळ वर्षांत घर चालवण्याची सोय होते.

कोणतीही नोकरी सोडताना अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, तारखांसह आणि सही-शिक्क्यासह मागून घ्या. ब्युरोवाले "नंतर देतो" म्हणाले तर शेवटचा पगार घ्यायला जाल त्याच दिवशी मजकूर आपणच लिहून न्या आणि समोर बसून सही घ्या. ते पत्र प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये, हेपॅटायटिसच्या लसीच्या कार्डाशेजारी ठेवा. पुढच्या मुलाखतीत हे सगळे कागद एकत्र मागतात.